आधी चेंडू थांबला पाहिजे

दुकानातल्या हॉकी स्टिकवर ‘९० टक्के कार्बन’ असे ठळक छापलेले असते. शेजारच्या स्टिकवर ‘२०’ असते, आणि कोपऱ्यातल्या लाकडी स्टिकवर आकडाच नसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले पालक हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली स्टिक, आणि जिच्यावर आकडा नाही ती, बाकीच्या परवडत नाहीत म्हणून घ्यायची. प्रत्यक्षात तो आकडा फार थोडे सांगतो. कंपोझिट स्टिक म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या तंतूंचे थर साच्यात घालून, उष्णतेने घट्ट करून बनवलेली पोकळ स्टिक. त्या तंतूंपैकी कार्बनचे किती, एवढेच टक्केवारीवरून कळते. उरलेले बहुतेक काचतंतू असतात, म्हणजे आपण ज्याला फायबरग्लास म्हणतो ते, आणि काही स्टिकमध्ये ॲरामिडही असते. कार्बन कोणत्या प्रतीचा आहे, त्याचे थर किती आहेत, ते कोणत्या दिशेने बसवले आहेत, भिंती किती जाड आहेत, हे तो आकडा सांगत नाही. खेळाच्या नियमांतही या टक्केवारीचा उल्लेख नाही. त्यामुळे एका कंपनीची ‘५०’ दुसऱ्या कंपनीच्या ‘५०’पेक्षा बरीच वेगळी निघू शकते. ढोबळ अर्थ एवढाच, की कार्बन वाढला की स्टिक ताठर होते. मग प्रश्न उरतो तो असा, की ताठर स्टिक मुलाच्या कामाची आहे का. माझे उत्तर आहे, सुरुवातीच्या वर्षांत नाही. मुलाची स्टिक निवडताना सगळ्यात आधी पाहावे, की समोरून आलेला चेंडू तिच्यावर थांबवणे त्याला जमते का. बाकीचे सगळे त्यानंतर.

चेंडूचा जोर स्टिकमधून येतो, हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि हॉकीत तो जुनाही आहे. ध्यानचंद यांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक असल्याच्या संशयाने परदेशात ती फोडून पाहिली, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या काळी चेंडू चामड्याचा असे आणि चामड्याला चुंबक धरत नाही, एवढ्यावरच तिची दंतकथा होते. तरीही ती टिकली, कारण कौशल्य माणसाच्या मनगटात असते हे मानण्यापेक्षा ते वस्तूत दडलेले असते हे मानणे सोपे जाते. आज चुंबकाची जागा कार्बनने घेतली आहे. कार्बनचा फायदा मात्र खोटा नाही. १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक चेंडू स्टिकवर आदळतो तेव्हा स्टिक किंचित वाकते आणि थरथरते. त्या थरथरण्यात काही ऊर्जा वाया जाते. ताठर स्टिक कमी थरथरते, म्हणून चेंडूला थोडी जास्त ऊर्जा मिळते. पण चेंडूचा वेग मुख्यतः ठरतो तो स्टिकचे डोके आघाताच्या क्षणी किती वेगाने येत होते आणि चेंडू डोक्याच्या नेमक्या जागी लागला का, यावरून. कमरेपासून खांद्यापर्यंतचे सगळे शरीर वापरून स्विंग घेणाऱ्या प्रौढ खेळाडूला ताठरपणाचा तो वरचा वाटा उपयोगी पडतो. अकरा वर्षांच्या मुलाचा स्विंग मुळात हळू असतो आणि चेंडू निम्म्या वेळा टोकाला किंवा दांड्याला लागतो. वाया जाणारी थोडी ऊर्जा वाचवून त्याच्या हिटमध्ये फरक पडत नाही. पाय योग्य जागी पडला आणि नजर चेंडूवर राहिली, तर मात्र पडतो.

शिवाय हॉकीत हिट हे एकूण खेळाच्या मानाने क्वचित होणारे काम आहे. प्रत्येक पास कुणाला तरी थांबवावा लागतो. थांबवल्यावर तो ताब्यात ठेवून दोन-चार वेळा डावी-उजवीकडे फिरवावा लागतो, आणि मग बहुतेक वेळा पुश करून पुढे द्यावा लागतो. पुशमध्ये चेंडू स्टिकला चिकटूनच निघतो. तिथे आघात नसतो, म्हणून ताठरपणाचा प्रश्नही जवळजवळ नसतो. थांबवताना मात्र ताठरपणा उलटतो. जी स्टिक फटक्यात ऊर्जा वाया घालवत नाही, ती येणाऱ्या चेंडूचीही ऊर्जा शोषत नाही. चेंडू तिच्यावरून उसळून पुढे जातो. अनुभवी खेळाडू चेंडू लागण्याच्या क्षणी हात सैल सोडून, स्टिक किंचित मागे घेऊन ही उसळी जिरवतात. ती कला यायला वर्षे लागतात, आणि ती शिकत असताना मुलाच्या हातात चेंडू उडवून लावणारी स्टिक असेल तर त्याला वाटते की आपल्याला स्टॉपच जमत नाही. मग ते चेंडूकडे जायचेच टाळते. लाकूड, किंवा बहुतांश काचतंतूंची कमी ताठर स्टिक, इथे मुलाला सांभाळून घेते. चेंडू चुकीच्या जागी लागल्यावर हाताला येणाऱ्या झिणझिण्याही लाकडात लवकर विरतात. इनडोअर हॉकीत हिट मारायला परवानगीच नाही. तिथे पुश, फ्लिक आणि चेंडूची दिशा बदलणे एवढेच चालते. त्या खेळात लाकडी स्टिक आजही आवडीने वापरल्या जातात, त्याचे कारण स्पर्शाची ही जाणीवच आहे. लाकूड मागासलेले असते तर ते तिथूनही केव्हाच हद्दपार झाले असते.

आता याच्या उलट टोकाचा एक समज. भारतीय हॉकी घसरली ती लाकडी स्टिकमुळे, आणि युरोपियन पुढे गेले ते कंपोझिटमुळे, असे सर्रास बोलले जाते. तारखा पाहिल्या की हे टिकत नाही. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये सातवा आला. ऑलिम्पिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली ती तिथेच. पण तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या न्यूझीलंडच्या हातातही लाकडी स्टिकच होत्या, आणि १९८० साली मॉस्कोला भारताने सुवर्ण मिळवले तेही लाकडावरच. कंपोझिट स्टिक जागतिक स्पर्धांत रुळल्या त्या नव्वदच्या दशकापासून पुढे. मॉन्ट्रियलला मैदान बदलले होते, स्टिक नाही. हा फरक पालकांसाठीही महत्त्वाचा आहे, कारण स्टिकच्या निवडीत मैदान कोणते याला लाकूड, कार्बन या नावांपेक्षा जास्त वजन आहे. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने येतो, मैदान पाण्याने भिजवलेले असते, आणि भिजत राहिलेले लाकूड जड होते, फुगते, त्याचे थर सुटतात. तिथे कंपोझिट निःसंशय सरस आहे. ती पाणी पीत नाही, एका साच्यातल्या दोन स्टिक जवळपास सारख्या निघतात, आणि वजन हवे तिथे ठेवता येते. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा. त्यातही रेषा तिरक्या गेलेल्या असतील तर ती स्टिक लवकर फुटणार हे ठरलेलेच. लाकडाची बाजू मांडताना हे दडवून चालणार नाही.

‘लाकडी’ हा शब्दही आता जसाच्या तसा घेता येत नाही. जुन्या पद्धतीची स्टिक म्हणजे तुतीच्या लाकडाचे वाफेवर वाकवलेले डोके आणि त्यात पाचर मारून बसवलेली वेताची मूठ. तुती निवडली गेली कारण ती चिवट असते आणि वाकवताना तुटत नाही. वेत घेतला तो हाताला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरला हा धंदा उभा केला आणि आपल्या शाळांच्या मैदानांवर पोचलेल्या असंख्य स्टिक तिथूनच आल्या. आज दुकानात लाकडी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा स्टिकमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात आणि वरून काचतंतूंचे वेष्टण असते. दुसरीकडे, मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त कंपोझिट स्टिकमध्ये कार्बन नावापुरता किंवा अजिबात नसतो. त्या काचतंतूंच्याच असतात. म्हणजे वेष्टण घातलेली लाकडी आणि कमी कार्बनची कंपोझिट, या दोन स्टिक मुलाच्या हातात एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात. खरी दरी आहे ती या दोघी आणि वरच्या किमतीची ताठर कार्बन स्टिक यांच्यात.

त्या दरीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे, आणि तिच्याकडे पालकांचे लक्ष सहसा जात नाही: बाक. जमिनीवर आडवी ठेवली तर स्टिक पूर्ण टेकत नाही, मध्ये कमानीसारखी उचललेली दिसते. ही कमान जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असावी आणि तिचा सर्वांत खोल बिंदू डोक्याच्या बुडापासून २०० मिलिमीटरपेक्षा जवळ नसावा, असा नियम आहे. लाकूड वाकवण्याला मर्यादा असल्याने जुन्या स्टिकमध्ये बाक सौम्य आणि दांड्याच्या मध्यावर असे. साच्यातल्या कंपोझिटला ती अडचण नाही. म्हणून नियमाच्या कडेपर्यंत नेलेला, डोक्याजवळ आणलेला खोल बाक निघाला, आणि ड्रॅग फ्लिक मारणाऱ्यांना तो वरदान ठरला, कारण चेंडू त्या खळग्यात धरून ओढत नेता येतो. बड्या खेळाडूंच्या नावाच्या महागड्या स्टिक बहुधा अशाच असतात. शिकाऊ मुलाने तीच स्टिक घेऊन साधा हिट मारला की चेंडू जमिनीवरून उचलला जातो. उचललेला चेंडू समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा तोंडावर जाऊ शकतो. धोकादायक खेळ म्हणून पंच शिट्टी वाजवतात ते वेगळेच. मुलाला वाटते आपला हिट बिघडला आहे, आणि ते आणखी जोर लावते. या एका कारणासाठी तरी मुलाला सौम्य, मध्यावर बाक असलेलीच स्टिक द्यावी, मग ती लाकडाची असो की फायबरची. दर आठवड्याला सरावात दहा-पंधरा मुले एकमेकांसमोर उभी राहतात. त्यांच्या दातांचा आणि डोळ्यांचा विचार हा महागड्या स्टिकच्या मोहापेक्षा मोठा आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

पण लाकूड-कार्बनच्या या सगळ्या चर्चेत जी चूक सर्वांत जास्त नुकसान करते, तिचा स्टिक कशाची आहे याच्याशी संबंधच नाही. ‘मूल वाढतेच आहे, एक नंबर मोठी घेऊ, दोन वर्षे जाईल.’ चपलांच्या बाबतीत चालणारा हा हिशेब स्टिकला लागू होत नाही. मुलांच्या स्टिक साधारण २८ इंचांपासून मिळतात आणि प्रौढांची नेहमीची लांबी साडेछत्तीस इंच असते. मूल ताठ उभे असताना स्टिक शेजारी उभी धरली तर तिचे टोक कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत यावे, त्याच्या फार वर जाऊ नये. त्याहून लांब स्टिक हातात आली की मूल वाकण्याऐवजी उभे राहून खेळू लागते, मुठीचे वरचे टोक पोटात टोचते म्हणून हात खाली सरकवते, आणि चेंडू पायांपासून लांब ठेवायची सवय लागते. वाकून, मान वर ठेवून खेळण्याची जी बैठक पुढे सगळ्या कौशल्यांचा पाया होते, तीच चुकीची बसते, आणि ती सुधारायला पुढे प्रशिक्षकाला वर्षे घालवावी लागतात. वजनाचेही तसेच. नियमाने स्टिक ७३७ ग्रॅमपर्यंत असू शकते, पण ही वरची मर्यादा आहे. हल्लीच्या प्रौढांच्या स्टिकसुद्धा बहुतेक ५३० ते ५६० ग्रॅमच्या आसपास असतात. मुलासाठी त्याहून हलकी हवी. ग्रॅमांइतकाच तोलही पाहावा. दोन स्टिक एकाच वजनाच्या असल्या तरी जिचे वजन डोक्याकडे गेले आहे ती फिरवायला जड जाते. भारतीय ड्रिबलमध्ये चेंडूच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला स्टिक पालथी करायची असते, आणि हे काम वरच्या हाताचे, म्हणजे डाव्या मनगटाचे. डोके जड असेल तर मुलाचे मनगट वळत नाही, मग ते कोपर आणि खांदा फिरवते. जुन्या जड लाकडी स्टिकवर हा दोष खरोखर येतो आणि तिथे हलकी फायबर स्टिकच घ्यावी. दादाची जुनी स्टिक कापून छोटी करणे हा उपायही फसवा आहे. मुठीकडून कापल्यावर लांबी कमी होते, पण डोके तेवढेच जड राहते आणि तोल आणखी खाली जातो.

डावखुऱ्या मुलांच्या पालकांना पडणारा प्रश्नही इथेच येतो. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. चेंडू फक्त सपाट बाजूने खेळायचा हा नियम सगळ्यांना सारखाच, आणि डावा हात सगळ्यांचाच वर. स्टिक फिरवण्याचे मुख्य काम डाव्या हाताकडे असल्याने डावखुऱ्या मुलाचे यात नुकसान नाही.

टिकाऊपणाबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कंपोझिट मोडत नाही हे खरे नाही. ती कुरकुर न करता झिजते आणि मग एकदम फुटते. कडेला बसलेल्या आघाताने आत केसाएवढी भेग पडते, वरून दिसत नाही, आणि पुढच्या एखाद्या हिटला दांडा तुटतो. आपल्याकडची बहुसंख्य मुले आजही मुरमाड किंवा मातीच्या मैदानावर खेळतात. कोल्हापूर, पुणे, मुंबईत टर्फ आहेत, पण शाळेच्या मैदानावर खडीच असते. तिथे स्टिकचे बूड घासले जाते, चेंडू उसळून कडेला आदळतो, आणि रंग व वरचा थर गेल्यावर उघडे पडलेले तंतू कुसळासारखे हातात घुसतात. खडबडीत किंवा धारदार कडा असलेली स्टिक नियमातही बसत नाही. लाकूडही तितकेच घासले जाते, पण त्याचा बिघाड दिसत येतो: चीर पडते, थर सुटतो, आवाज बदलतो. बुडाला टेप गुंडाळून आणखी काही महिने काढता येतात, फक्त टेपसकट स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून गेली पाहिजे. पावसाळ्यात ओली स्टिक पिशवीत तशीच ठेवली तर लाकूड वाकडे होते, हे मात्र लाकूड घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. पुसून, सावलीत, आडवी ठेवून वाळवावी. काही शे रुपयांची लाकडी स्टिक मुरमावर एक मोसम झिजवणे आणि दहा हजारांवरची कार्बन स्टिक त्याच मुरमावर झिजवणे, यांत कुठे शहाणपण आहे हे वेगळे सांगायला नको.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. निवड चाचण्या टर्फवर होतात, तिथे सगळ्यांच्या हातात कंपोझिट असते. लाकडावर घडलेले मूल तिथे जाऊन अडखळणार नाही का? मग पहिल्यापासूनच कंपोझिट का नको? अडखळेल, हे मान्य केले पाहिजे. स्टिकचा प्रतिसाद बदलला की स्टॉपचा अंदाज चुकतो, आणि तो बसायला काही आठवडे जातात. म्हणून मी लाकडाचा हट्ट धरत नाही. मूल आठवड्यातून काही दिवस टर्फवर खेळू लागले की त्याच्या हाती कमी कार्बनची, हलकी, सौम्य बाकाची कंपोझिट द्यावी, आणि ती चाचणीच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान एक-दोन महिने आधी द्यावी. पण कमी ताठर स्टिकवर चेंडू थांबवायला शिकलेला हात ताठर स्टिकशी जुळवून घेतो, कारण सैल हाताची सवय त्याला लागलेली असते. जो स्टॉप शिकलाच नाही, त्याला कोणतीच स्टिक वाचवत नाही. चौदा-पंधराच्या पुढे शरीर भरले, हिटला जोर आला, खेळाची जागा ठरली, की ताठरपणा पायरीपायरीने वाढवता येतो. बचावातल्या आणि पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या खेळाडूला तो जास्त लागतो, मधल्या फळीत खेळणाऱ्याला कमी.

उलट दिशेनेही एक वाक्य ऐकू येते, आणि ते मला अधिक टोचते. धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर शिकले, चार ऑलिम्पिक खेळले. मग आताच्या मुलांना स्टिकचे एवढे लाड कशाला? या उदाहरणाचा अर्थ असा लावणे अन्यायाचे आहे. तुटकी स्टिक ही त्यांची निवड नव्हती, आणि तुटक्या स्टिकवर ज्यांची मनगटे दुखावली, ज्यांनी कंटाळून खेळ सोडला, अशा मुलांची नावे कुणी लिहून ठेवत नाही. लाकडी स्टिक स्वस्त असते म्हणून शाळेच्या कपाटातली चिरलेली, कुणाच्याही मापाची स्टिक मुलाच्या हातात देणे याला काटकसर म्हणता येणार नाही. ज्या शाळांकडे थोडाच पैसा आहे त्यांनी एक-दोन भारी स्टिक घेण्याऐवजी २८, ३०, ३२, ३४ इंच अशा वेगवेगळ्या मापांच्या साध्या, अखंड स्टिक घ्याव्यात. उरलेल्या पैशात नडगीचे पॅड आणि दातांचे गार्ड येतात.

दुकानात मुलाला बरोबर न्यावे. लांबी कमरेच्या हाडाशी जुळवून पाहावी, स्टिक आडवी ठेवून बाक कुठे आहे ते पाहावे, लाकडाची असेल तर डोक्याजवळच्या रेषा दांड्याच्या दिशेने वळत गेल्या आहेत का ते बोटाने तपासावे. मग मुलाला ती फक्त डाव्या हातात, मुठीच्या वरच्या टोकाला धरायला सांगावे, आणि डोके जमिनीलगत ठेवून दहा-बारा वेळा सुलटी-पालथी करायला लावावे. या वेळी कोपर शरीरापासून लांब जाऊ लागले किंवा स्टिक वळताना डोके खाली आपटू लागले, तर ती परत ठेवून तिच्याहून हलकी मागावी.